आप्पा शेडग्यांची उघडी बंदूक

शस्त्र हे दाखवण्यासाठी असते. ते वापरायची पाळी आली, की दाखवण्यात काहीतरी कमी पडले असे समजावे. जगातली मोठमोठी राष्ट्रे याच तत्त्वावर उभी आहेत, आणि कोपरखैरण्यातल्या आमच्या सेक्टरातले कुलदीपशेठचे दागिन्यांचे दुकानही.

या दुकानाच्या दाराशी आप्पा शेडगे उभे राहत. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले आणि आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे. त्यांच्याकडे स्वतःची, परवाना असलेली एकनळी बंदूक होती. तिने शेवटचा बार १९८९ साली गावाकडे एका रानडुकराच्या दिशेने काढला होता. (डुकराची प्रकृती उत्तम असल्याचे समजते.) रोज सकाळी पावणेदहाला ती खांद्याला लावून आप्पा बोनकोड्याच्या रस्त्याने दुकानाकडे निघत. हा बारा मिनिटांचा प्रवास म्हणजे आमच्या इमारतीतल्या बालसंगोपनाचा कणा होता. पावणेदहाच्या आत दूधभात न संपवल्यास बंदूकवाले आजोबा वर येतात, ही नियमावली पाच वर्षांखालील सर्व रहिवाशांना तोंडपाठ होती. आमची मोनाली घास गालात धरून गॅलरीच्या गजांतून खाली बघे, आप्पा वर बघून मिशीत हसत, आणि घास खाली उतरे. एवढ्याशा गळ्यातून उतरणारा घास बाहेरून दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

१९९६ च्या ऑगस्टात आमच्या चौकीवर दिनानाथ कारखानीस हे नवे फौजदार आले. गुन्हा घडण्याआधीच रोखावा, असे त्यांचे मत होते. (गुन्हा घडल्यावर काय करावे, याबद्दल त्यांचे मत अजून कळलेले नाही.) त्यांच्यापुढे पहिलाच कागद आला तो आमच्या सोसायटीचा. ‘उघडे शस्त्र पाहून महिला व बालके भयभीत होतात, सबब बंदोबस्त व्हावा.’ खाली सत्तावीस सह्या. त्यातली एक माझी. अर्ज घेऊन सेक्रेटरी सरोजिनीबाई वर्तक आल्या, त्यांनी मोनालीला कडेवर घेतले, आणि माझे दोन्ही हात बऱ्याच दिवसांनी मोकळे झाले. त्या आनंदात मी आणखी दोन-चार ठिकाणीही सही केली असती.

आप्पांना चौकीत बोलावणे आले. सोबत त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई गेल्या.

“परवाना बरोबर आहे,” फौजदार म्हणाले. “पण बंदूक उघडी दिसते. ती झाकून न्या.”

“सायेब, बंदूक हाय ती. पदर घ्यायला काय नवी नवरी हाय?”

“नवी नवरी तरी कुठं घेतीया आता?” प्रेमलाबाई म्हणाल्या. “आवो, सायेब सांगत्यात तर गप ऐका की.”

हवालदार शिवा म्हात्रे मूळचे जासईचे. त्यांनी कायद्याची बाजू सोपी केली. “आप्पा, अर्जान लिवलंय उघडी बंदूक. झाकली का मिटला. कोन बोलतंय मंग?”

आप्पांना हे मिटवणे भागच होते. कुलदीपशेठनी त्यांना दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. “आप्पा, वाईट नका वाटून घेऊ,” शेठ म्हणाले होते. “माणूस मला कुठे पण भेटेल. मला बंदूक पायजे होती, तिच्याबरोबर तुमी आलात. ती नाय, तर तुमाला ठेवून मी काय करू?” आप्पांची मुलगी ज्ञानेश्वरी त्या वर्षी बारावीला होती, आणि बंदुकीशिवाय आप्पांना उभे राहण्याखेरीज दुसरे काही येत नव्हते.

प्रेमलाबाईंनी रातोरात गवसणी शिवली. ज्ञानेश्वरीच्या जुन्या फ्रॉकचे कापड पुरले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर आप्पांना अडवण्यात आले. कारण सरळ आहे : उघडी बंदूक म्हणजे दिखावा, तर झाकलेली बंदूक म्हणजे लपवाछपवी, आणि लपवाछपवीत हेतू असतो. पंचनाम्यात ‘तोंडाशी नाडी असलेले संशयास्पद आवरण, त्यावर पिवळी बदके, एकूण एकेचाळीस’ अशी नोंद झाली. (दोन पंचांची मोजणी जुळेना, म्हणून तिसरा बोलावावा लागला.)

मग पारदर्शक प्लास्टिकचे आवरण आले. यात बंदूक झाकलेलीही होती आणि दिसतही होती, म्हणजे कायद्याच्या दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या होत्या. दुर्दैवाने ती आता दुकानातल्या शोकेसमधल्यासारखी दिसू लागली आणि भाजीवाल्यापाशी दोघांनी आप्पांना अडवून ‘अशी कुठे भेटते?’ म्हणून विचारले. रहदारीस अडथळा झाला.

अखेरीस फौजदारांनी स्वतःच तोडगा सुचवला : सुटे भाग. बंदूक एकत्र नसेल तर ती बंदूकच नव्हे. त्यानुसार नळी घेऊन आप्पा मुख्य रस्त्याने निघाले, दस्ता मेथीच्या पिशवीत घालून प्रेमलाबाई मागच्या गल्लीने, आणि काडतुसे घेऊन खुद्द कुलदीपशेठ स्कूटरवरून. दहा वाजता तिघे तीन दिशांनी दागिन्यांच्या दुकानापाशी पोहोचले आणि शस्त्र जुळवू लागले. गस्तीवरच्या शिपायांनी तत्परतेने तिघांनाही ताब्यात घेतले.

“शेठ स्वतःच्याच दुकानावर दरोडा घालतोय व्हय?” प्रेमलाबाईंनी विचारले.

“दरोड्याला पाच माणसं लागतात,” फौजदार गंभीरपणे म्हणाले. “तुम्ही तीनच भरलात, म्हणून सोडतोय.”

बंदूक मात्र चौकीच्या कपाटात गेली. दसऱ्याला नऊ दिवस उरले होते. आप्पा मोकळ्या खांद्याने कामावर जाऊ लागले, तर तो खांदा सवयीने एका बाजूला झुकलेलाच राहिला. इमारतीत त्याहून बिकट प्रसंग ओढवला. मोनालीने पहिल्या दिवशी गॅलरीतून नीट पाहणी केली आणि घास शांतपणे माझ्या तळहातावर परत दिला. सर्व मजल्यांवरून अशाच बातम्या आल्या. आठवड्याभरात सोसायटीचा दुसरा अर्ज चौकीत दाखल झाला : ‘बंदूक नसल्याने बालकांच्या आहारावर विपरीत परिणाम होत आहे, सबब ती पूर्ववत करावी.’ सत्तावीस सह्या. त्याच.

कारखानीस साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी-शेजारी ठेवले. दुसरा कोणी अधिकारी असता तर हसला असता. साहेबांनी सहीशी सही ताडून पाहिली आणि जनतेची मागणी निःसंदिग्ध असल्याचा शेरा मारला. पहिल्या अर्जानुसार बंदूक दिसता कामा नये. दुसऱ्यानुसार ती असली पाहिजे. म्हणजे बंदूक असावी, पण इथे नसावी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पांना चौकीतून कागद मिळाला. ‘दाखला देण्यात येतो की, श्री. शेडगे यांची बंदूक या चौकीच्या कपाटात सुस्थितीत असून, दुकानावर हल्ला झाल्यास त्यांनी कार्यालयीन वेळेत लेखी अर्ज करून ती घेऊन जावी.’ खाली सही आणि गोल शिक्का. कुलदीपशेठनी त्याला काच बसवून तो दाराशी टांगला. “शिक्का बंदुकीपेक्षा मोठा दिसतो,” असे म्हणून त्यांनी आप्पांना कायम केले. आप्पा कागदाखाली ताठ उभे राहू लागले. प्रेमलाबाईंनी पेढे वाटले. आजूबाजूच्या चार दुकानदारांनी आपल्याकडे बंदूक नसतानाही असाच दाखला मिळावा म्हणून अर्ज केले, त्यांचा सहानुभूतीने विचार चालू आहे.

त्या दुकानात गेल्या दिवाळीत तुम्हीही गेला होतात. दाराशी थांबलात, काचेतला शिक्का पाहिलात, आप्पांकडे पाहिलेत, ‘चला, इथे बंदोबस्त चांगला आहे’ म्हणालात आणि चपला काढून निर्धास्त आत शिरलात. मग घरी येऊन तिथल्या बंदूकवाल्याचे किती कौतुक केलेत! बंदूक केवढी होती, तेही सगळ्यांना दोन्ही हात पसरून दाखवलेत.