हुमाचा हातगुण

बिलकीसचं वागणं बसम्माला अजिबात पटलं नव्हतं, आणि बसम्माला एखादी गोष्ट पटली नाही की ती अख्ख्या गल्लीला कळायला फार वेळ लागत नसे. दोन वर्षं त्या बाईची लेक हुमा आपल्या पूर्वेच्या खोलीत राहिली. कंधारहून लातूरला क्लास लावायला आली तेव्हा पोरीला रस्ता ओलांडता येत नव्हता. आता ती डॉक्टरकी शिकायला नांदेडला गेलीही होती, आणि सामान न्यायला आई आली होती. घरात अंडं आणायचं नाही, एवढी एक अट सोडली तर बसम्मानं हुमाला कधी कशाला अडवलं नव्हतं. उलट परीक्षेच्या दिवशी स्वतःच्या हातानं दहीसाखर दिली होती. आणि आज खोली सोडायची वेळ आली तर तिच्या आईनं काय करावं? बसम्मा गंजगोलाईत भाजी आणायला गेलेली बघून हुमाचं होतं नव्हतं ते सगळं गल्लीतल्या पोरींना वाटून टाकलं. खोलीत एक बांधलेली ट्रंक तेवढी उरली होती. बिलकीस स्वतः जीप ठरवायला स्टँडवर गेली होती, म्हणून वाचली.

बसम्मा पिशवी हातात धरून रिकाम्या खोलीत उभी राहिली. वह्या नाहीत, टेबलाचा दिवा नाही, गजराचं घड्याळही नाही. चोर आला असता तरी ट्रंक नेऊन वह्या ठेवून गेला असता, असं तिनं भिंतीला ऐकवलं.

राग यायला कारण होतं. ते कारण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलं होतं. नात आरती. हुमा आणि आरती एकाच दिव्याखाली शिकल्या, एकाच रिक्षातून परीक्षेला गेल्या. हुमा लागली, आरती राहिली. तेही दुसऱ्यांदा. निकाल लागल्यापासून पंधरा दिवस पोरीनं पुस्तकाला हात लावला नव्हता की कुणाशी धड बोलली नव्हती. सोमवारी क्लासची नवी बॅच सुरू होणार होती, आणि आरतीनं रविवारच्या एसटीनं किल्लारीला आईबापाकडं परत जायचं ठरवलं होतं. शेतात कामं पुष्कळ आहेत, म्हणाली. एवढंच बोलली.

बसम्माची शाळा दुसरीत सुटली होती, पण हातगुण म्हणजे काय ते तिला मास्तरांपेक्षा जास्त कळत होतं. एकीच्या हाताचं लोणचं तीन वर्षं टिकतं आणि दुसरीचं तिसऱ्या महिन्यात बुरसतं. मग ज्या वहीवर लिहून एक पोरगी डॉक्टर झाली, त्या वहीत काहीच उतरलं नसेल? ती वही आरतीच्या उशाला असायला हवी होती. बसम्मानं तसं बिलकीसला सांगितलं मात्र नव्हतं. मागायची सवय तिला नव्हती. समोरच्याला आपण होऊन कळायला पाहिजे, असा तिचा शिरस्ता होता, आणि त्या शिरस्त्यापायी आजवर पुष्कळ माणसं तिच्या मनातून उतरली होती.

तिनं पदर खोचला आणि वस्तू परत आणायला निघाली.

वह्या समोरच्या अमृतरावच्या होस्टेलमध्ये होत्या, किनवटच्या पंचशीलाकडं. पंचशीला पलंगावर पाच वह्या पसरून बसली होती. बसम्मानं जाता जाता एक गोष्ट जुळवली होती: या वह्यांत आरतीची काही पानं राहिली आहेत, तेव्हा त्या परत हव्यात. पंचशीला गुणी पोरगी. तिनं लगेच विचारलं की कोणती पानं, काढून देते. आता पंचाईत आली. बसम्मानं एक वही उघडली, चित्र दिसलं तिथं बोट ठेवलं.

"हे बघ. हे बेडूक आमच्या आरतीनं काढल्यालं हाय."

"अव्वा, मूत्रपिंड हाय ते."

"आरतीचा हात जरा तसाच हाय," बसम्मा म्हणाली.

पंचशीलानं वादही घातला नाही आणि वहीही सोडली नाही. झेरॉक्स काढून आणते म्हणाली. बसम्माला ते मुळीच चालणार नव्हतं. झेरॉक्समध्ये अक्षर येतं, हात कसा येईल? शेवटी पंचशीलाच खाली बघून म्हणाली की आमच्या खोलीत चौघी आहेत, एकीचा मोबाइल सारखा चालू असतो, बापानं पाठवलं पण वाचणं होत नाही; हुमादीदीच्या वह्या मिळाल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही जमेल. हे ऐकून वही ओढून घ्यायला बसम्मा काही कसाई नव्हती. तिनं मधला मार्ग काढला. वह्या राहतील आपल्या घरात, तू येऊन वाच. पोरगी वाचून जाईल, हातगुण घरात राहील. आपल्या हुशारीवर ती खूश झाली.

दिवा गेला होता उदगीरच्या जेबाकडं, चार घरं पुढं. दिव्याच्या बाबतीत बसम्मानं सरळच सांगितलं की तो माझा आहे. जेबानं निमूट वायर गुंडाळली आणि दिवा पुढं केला. तेवढ्यात बसम्माची नजर खोलीवर गेली. खोली कसली, जिन्याखालची अडगळ. खिडकी नव्हती. दिवा विझला तसा पोरीचा चेहराही दिसेना.

"आणि तू कशात वाचनार?" बसम्मानं विचारलं.

"दारात बसते की. उजेड असेपर्यंत."

बसम्मानं दिवा घेतला, दोन पावलं चालली, थांबली. पाठीमागं न बघताच म्हणाली की गुंडाळलेली वायर सुटतीय, ती धरून चल माझ्याबरोबर, आणि पुस्तकं पण घे, सारखं कोण मागं वळणार.

घड्याळाची तर वेगळीच तऱ्हा. देगलूरच्या सिंधुनं त्याला हळदकुंकू लावून देवाजवळ ठेवलं होतं. कुंकू लावलेली वस्तू उचलून आणायचा धीर बसम्मालाही झाला नाही, तेव्हा सिंधुनंच ते दोन्ही हातांत धरून आणायचं ठरलं. सिंधु निघाली तशा तिच्या खोलीतल्या दोघीही निघाल्या. त्यांना बिलकीसकडून काहीच मिळालं नव्हतं. आल्या त्या नुसत्या, काय चाललंय ते बघायला.

अशी ती वरात निघाली. पुढं दिवा घेतलेली बसम्मा, मागं वायर धरून जेबा, तिच्यामागं वह्या, त्यामागं कुंकू लावलेलं घड्याळ, आणि शेवटी रिकाम्या हाताच्या दोघी. पानटपरीवरच्या माणसांना वाटलं, कुणाचा तरी निकाल लागला. अमृतराव मात्र होस्टेलच्या दारात येऊन उभा राहिला. आपली भाडेकरू पोरगी वह्या घेऊन समोरच्या घराकडं चाललेली त्याला दिसली होती.

"अव्वा, माझ्या पोरी पळवताय का काय?"

"पोरी न्हाई, माझ्या वस्तू नेतीय," बसम्मा म्हणाली. "पोरी आपल्याआपन येतायत. तुझ्याकडं बसवत नसंल त्यांना."

पूर्वेच्या खोलीत दिवा लागला. पाच पोरी भिंतीला टेकून बसल्या आणि बसम्माच्या लक्षात आलं की वस्तू तर सगळ्या आल्या, पण आरतीला बसायला जागाच उरली नाही. आता यांना हाकलायचं कसं, या विचारात ती स्वयंपाकघरात गेली. आरती तशीच कोपऱ्यात होती. हुमाच्या वह्या आल्यात, बघ तरी, असं बसम्मानं सुचवून पाहिलं. आरतीनं मान हलवली नाही.

पलीकडं पोरींचं काहीतरी अडलं होतं. एक ठोकळा उतारावरून वर ओढायचा होता आणि तो काही केल्या वर जाईना. पंचशीला एक उत्तर काढी, जेबा दुसरं, आणि दोन्ही वहीतल्या उत्तराशी जुळेनात. सिंधु म्हणाली, वहीच चुकली असेल. बराच वेळ ते चाललं.

"घर्षण कुठल्या बाजूला दाखवलंय तुमी?" कोपऱ्यातून आवाज आला.

बसम्माच्या हातातली पळी तशीच राहिली. पलीकडून पंचशीलानं सांगितलं, वरच्या बाजूला.

"ठोकळा वर चाललाय ना. मग घर्षण खाली ओढनार." आरती उठली होती. चौकटीत जाऊन उभी राहिली. "मागच्या साली ह्याच गनितात माझे चार मार्क गेले. पाच म्हना, चुकलं म्हनून एक कापला बी."

कुणी हसलं नाही. जेबानं सरकून जागा केली आणि विचारलं की दीदी, आणखी कुठं कुठं जातात मार्क, ते पण सांग. आरती आत आली. मग बसली, पंचशीलाच्या हातातलं पेन घेतलं आणि सांगायला लागली. दोनदा पडलेल्या पोरीजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कुठं घाई होते, कुठं वाचताना 'नाही' हा शब्द निसटतो, कुठले दोन पर्याय मुद्दाम सारखे ठेवतात. हुमाच्या वह्यांत यातलं काहीच नव्हतं. हुमाचं कधी चुकलंच नव्हतं.

बसम्मा दाराआड उभी राहून ऐकत होती. कळत काही नव्हतं, पण नातीचा आवाज पंधरा दिवसांनी ऐकत होती. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडची तिला आठवण झाली. अकरा बाया, एक चूल. कुणाच्या घरातून काय वाचलं होतं ते सगळं एका पातेल्यात पडायचं. कुणाकडं मीठ तेवढं होतं, तर तिनं मीठ घातलं. तेव्हा तिला त्याची लाज वाटली होती. पुन्हा आयुष्यात कुणाच्या पातेल्यात हात घालायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. ती भाजी चांगली व्हायची, हे मात्र तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेर जीप थांबली. बिलकीस ट्रंक न्यायला आली आणि खोलीच्या दारातच थबकली. सकाळी तीन घरांत वाटलेलं सगळं एकाच जागी बसलं होतं. बसम्मानं तिला दंडाला धरून ओसरीवर आणलं आणि दिवसभर साठवलेलं बोलायला तोंड उघडलं: दोन वर्षं घरात राहिलात, आणि आमच्याच पोरीला विसरलात.

"विसरले न्हाई, अव्वा," बिलकीस हळूच म्हणाली. "सगळ्यात आधी आरतीलाच दिलं व्हतं. नको म्हनली. म्हनली, चाची, माझ्याजवळ आलं की वाया जातंय, ज्यांचं होनार हाय त्यांना द्या. कुनाकुनाला द्यायचं ती नावं बी तिनंच सांगितली."

आतून आरतीचा आवाज येत होता. रविवारी कितीला यायचं ते ती पोरींना सांगत होती. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. बिलकीसनं डोळ्याला ओढणी लावली, नमस्कार केला आणि ट्रंकेकडं वळली.

"थांब," बसम्मा म्हणाली. "तुझं चुकलंच, बिलकीस. मी म्हनले ते म्हनले. वाटून टाकलंस ते बरं केलंस. पन वाटलं आन् निघाली, आसं आसतंय व्हय? आपन दिल्यालं कुठं जाऊन पोचलं, ते बघायला मानसानं घडीभर बसावं लागतंय. बस हितं माझ्याजवळ. जीप थांबंल."