करमुक्त बाप

माझी मुलगी सावनी अमेरिकेत कॉलेजात शिकते. मी बहरीनला, झिंज भागात राहतो. माझी बायको मेधा मागच्या वर्षी गेली. पुढील कार्यवाहीसाठी एवढी माहिती पुरेशी आहे.

यंदा, म्हणजे १९९८ साली, कॉलेजने कळवलं, की स्कॉलरशिपचा फीपुरता भाग करमुक्त आहे, पण खोली आणि जेवणाच्या भागावर मुलीला कर लागेल. उलट, फीबद्दलची करसवलत पालकाला मिळू शकेल. दोघांचा मेळ घालण्यासाठी पालकाने कर भरल्याचा दाखला पाठवावा. अन्यथा स्कॉलरशिप थांबेल.

मी लिहिलं, इथे पगारावर करच नाही. उत्तर आलं, मग कर नसल्याचा दाखला पाठवा. कर खात्याच्या शिक्क्यासह.

सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतला माणूस चहा पीत होता.

"टॅक्स मफी," तो म्हणाला. मफी म्हणजे नाही.

"वोही लिख के दो."

"टॅक्स मफी, तो टॅक्स का ऑफिस मफी. ऑफिस मफी, तो शिक्का कौन मारेगा? खलास."

"तो मुझसे थोडा टॅक्स ले लो."

त्याने मला बसवलं आणि पाणी दिलं.

सावनीचा फोन आला. "बाबा, प्लीज डू समथिंग. दे विल सेंड मी बॅक."

माझा मित्र अर्शद चिपळूणचा. हिद्दला एका कारखान्यात हिशेब बघतो. तो म्हणाला, "टॅक्स नाही, टॅक्स नाही म्हणून सासरवाडीत मिरवलंस ना? आता भोग! घरात कुणीच भरत नाही?"

"मेधा भरायची."

पुण्याच्या बँकेत तिची ठेव होती. ती गेल्यावर मी मृत्यूचा दाखला पाठवला. खातं बंद करण्यासाठी ठेवीदाराची सही आवश्यक आहे, असं बँकेने कळवलं. सही आली नाही. म्हणून यंदाही बँकेने तिचा कर कापला आणि दाखला तिच्याच नावे पाठवला.

"तोच पाठव," अर्शद म्हणाला.

"अरे, ती नाहीये."

"कागदावर आहे ना? तू तर कागदावरपण नाहीस."

पाठवला. कॉलेज समाधानी झालं. श्रीमती मेधा याच मुख्य पालक, स्कॉलरशिप चालू. वडिलांच्या कराचा कुठलाच पुरावा नसल्याने ते श्रीमती मेधा यांच्यावर अवलंबून असल्याचं मानण्यात येत आहे. पदवीदानाला यायचं झाल्यास त्यांनी पत्नीचं संमतिपत्र आणावं.

"बाबा, आय कॅन स्टे!" सावनी फोनवर ओरडली. मग म्हणाली, "आई हसली असती ना?"

"हसली असती. संमती मात्र दिली नसती. माझा जुना कोट बघून."

मेधा गेली तेव्हा भेटायला कोणाला सवड झाली नव्हती. ही बातमी पसरली आणि घरात चपला ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यांची मुलं कॉलेजात जायच्या वयाची. सगळ्यांचा प्रश्न एकच: बँक कुठली?

तुम्हालाही तेच विचारायचं असेल. विचारा. मेधाला काय झालं होतं, हे अजून कोणीच विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा.