तापाची घसरगुंडी

गणपतीच्या आठवड्यात परळच्या त्या रुग्णालयात तापाचे रुग्ण निम्म्यावर आले आणि आपण थोर माणूस आहोत, अशी उन्मेषराव प्रधानांची खात्रीच पटली. कॅज्युअल्टीत आणि आसपासच्या प्रायव्हेट दवाखान्यांत दर आठवड्याला कोण काय दुखणं घेऊन आलं, याचा आलेख काढणं हे त्यांचं काम. शिवाय गेल्याच महिन्यात डास मारण्याची पोस्टरं त्यांनी स्वतः लिहून लालबागभर लावली होती. रेघ घसरली ती त्या पोस्टरांमुळेच, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"पोस्टरं कसली, सर?" कॅज्युअल्टीच्या कौसल्या सिस्टर हसल्या. त्या लालबागच्याच. "घरात बाप्पा असताना कोण येतंय हॉस्पिटलात? गोळी मारायची नि आरतीला उभं राहायचं. विसर्जन होऊ दे, मग बघा."

"सिस्टर, हे शास्त्र आहे," उन्मेषराव म्हणाले.

शास्त्र वरपर्यंत पोचलं. संचालक खूश झाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्याच सभागृहात सत्कार ठरला. बढतीची घोषणाही तिथेच व्हायची होती. फक्त तोवर रेघ वर जाता कामा नये, एवढंच संचालकांनी बजावलं.

आणि ऐन विसर्जनाच्या दिवशी दादरच्या घरी खुद्द उन्मेषरावांनाच हुडहुडी भरली.

"एकशे तीन," थर्मामीटर बघत त्यांची बायको मृणालिनी म्हणाली. "चल, कॅज्युअल्टीत जाऊ."

"वेडी आहेस का? माझ्याच आलेखात मीच भर घालू?"

"मग इथल्या प्रायव्हेटमध्ये चल."

"तिथले आकडेपण माझ्याकडेच येतात गं!"

शेवटी शास्त्रज्ञांनी गोळी मारली आणि पांघरूण ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीची रांग दाराबाहेर पडून, जिना चढून थेट सभागृहात शिरली होती. अर्धं लालबाग मफलर गुंडाळून खुर्च्यांवर कण्हत बसलं होतं.

"प्रधान, काय गर्दी जमवलीत हो!" संचालक मंचावर हरखून गेले. त्यांनी उन्मेषरावांच्या खांद्यावर शाल घातली. ती त्यांना इतकी बरी वाटली, की आणखी एक मागावी असं मनात आलं. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा ते खाली कॅज्युअल्टीत होते आणि हाताला सलाइन होतं.

"ताप कधीपासून, सर?" कौसल्या सिस्टरनी विचारलं.

"आत्ताच आला."

"हो का? सकाळपासून सगळ्यांना आत्ताच आलाय."

बढती गेली, हे उन्मेषरावांना कळून चुकलं. त्यांना अक्षरशः रडू आलं. तोच संचालक लगबगीने आत आले.

"प्रधान, मानलं तुम्हाला! काय जागृती केलीत! लोक आपणहून तपासून घ्यायला येतायत. ही रेघ अशीच चढती ठेवा, पुढच्या आठवड्यात पुन्हा सत्कार करू. बढतीचं तेव्हाच जाहीर करतो."

ते गेल्यावर मृणालिनी उशाशी बसली. "शेजारच्या लतिकाताईंना कणकण वाटतेय. अंगावर काढते म्हणाल्या."

उन्मेषराव सलाइनसकट उठून बसले.

"अंगावर काढते म्हणजे काय? टॅक्सी कर आणि आण त्यांना! आणि निघताना त्यांच्या मिस्टरांच्या कपाळालाही हात लावून बघ."