काटा टोचलेला ओरखडा

एका जंगलात, बाळांनो, सिंहाचे हुकूम पळसाच्या पानावर लिहीत. ते मोठ्याने वाचायचं काम बगळ्याकडे होतं. बगळा फार विद्वान होता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

वाचायची रीत सोपी होती. पानावर असेल ते जसंच्या तसं वाचायचं. मधे नखाचा ओरखडा आला, की तिथे समोर उभ्या असलेल्याचं नाव घालायचं. पण ओरखड्याआधी बाभळीचा काटा टोचलेला असेल, तर नाव घालायचं नाही. नुसतं ‘ओरखडा’ म्हणून पुढे जायचं. शिकवायला ठेवलेली नमुन्याची पानं अशी काटा टोचलेली असत.

एकदा नव्या कारकुनांना शिकवायला नमुन्याचं पान काढलं. ते धरून उभं राहायचा मान सोनबा सशाने हौसेने घेतला. बिचारा ऊर फुगवून उभा होता.

बगळ्याने वाचलं, “आज महाराजांच्या जेवणात सोनबा ससा.”

सोनबाने पानावरचा काटा पंजाने दाखवला. “अहो पंडितजी, काटा आहे की तिथे!”

“दिसतोय,” बगळा म्हणाला. “पण काटा मला थांबवण्यासाठी आहे, की तोही मजकुरातच धरायचा? नदीपलीकडचे वाचक काटाही वाचतात आणि नावही घालतात.”

“मग मी जरा बाजूला होऊ का?”

“छे! उदाहरणच हललं तर चर्चा कशावर करायची?”

लगेच समिती बसली. साळिंदराला काट्यांचा अनुभव, म्हणून तो अध्यक्ष. वाद रंगला. सोनबा आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. एकालाही त्याच्याकडे बघायला सवड नव्हती, याची मला अजून चीड येते.

दुपार झाली. सिंहाने पहिलं वाचन ऐकलं होतं आणि त्याला भूकही लागली होती. “तुमचं चालू द्या,” म्हणत तो जेवून गेला.

संध्याकाळी एकमताने ठरलं: काटा असला की नाव घालायचं नाही. सोनबाचंच बरोबर होतं. टाळ्या झाल्या.

बगळा स्वतः सोनबाच्या बिळाशी गेला. त्याच्या बायकोला त्याने खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, “आज महाराजांच्या जेवणात ओरखडा.”

“देव पावला!” ती म्हणाली. “मग आमचे हे घरी कधी येतात?”

बगळ्याने पान उलटसुलट करून पाहिलं. “ते यात लिहिलेलं नाही, बाई.”

तात्पर्य: विद्वानांच्या हातून वाचन शेवटी शुद्धच होतं, बाळांनो. तोवर पान दुसऱ्याला धरायला द्यावं.