सोळा वाजताची घोषणा

"अमका मेला" असं गायकरमामांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. माणूस वारला की ते म्हणतात, "मार्गस्थ झाला." सुरात दुःख नसतं, गाडी वेळेवर सुटल्याचं समाधान असतं.

मामा आयुष्यभर बस स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, शिट्टी गेली, वही गेली, भाषा मात्र गेली नाही. त्यांच्या घड्याळात दुपारचे तीन वाजत नाहीत, पंधरा वाजतात. लग्नाच्या पंगतीत जागा मिळाली नाही तर विचारतात, "दुसरी फेरी किती वाजता?" माझ्या नवऱ्याचं पोट बघून त्याच्या तोंडावर म्हणाले होते, "ओव्हरलोड हाय. घाटात दम टाकंल."

आणि रोज चार वाजता त्यांच्या घरातून घोषणा होते. कॉम्प्युटरला जोडलेले दोन मोठे स्पीकर आणि त्यांतून मामांचाच रेकॉर्ड केलेला आवाज: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. माणगावकडे जाणारी गाडी आज उशिराने येत आहे. प्रवाशांनी कृपया बसून घ्यावे." बोर्लीत आमची आळी या घोषणेवर चहाचं आधण ठेवते. म्हाताऱ्याची नोकरीची हौस फिटत नाही, म्हणून हसतेही. हसणाऱ्यांत मी होते.

मागच्या रविवारी जेवणं आटोपली तोच मामा दारात. घामाघूम.

"बाय, गाडी ब्रेकडाऊन. स्टार्टर घेत न्हाय. सोळाच्या आत काढायला पायजे."

मी शाळेत क्लार्क. संगणक कक्षातली आठ मशीन माझ्या गळ्यात आहेत, त्यामुळे माझ्या वहीत 'मशीन चालू होत नसेल तर' असं एक स्वतंत्र पान आहे. वही, टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मी निघाले.

कॉम्प्युटरचा कॅबिनेट अंगणात होता. उन्हात, वाळत घातलेल्या सुपारीच्या शेजारी.

"हे काय, मामा?"

"खारी हवा. ओल धरली असंल म्हणून वाळत टाकला सकाळपास्ना. मागनं धक्कापण मारून बघितला."

"कॉम्प्युटरला धक्का?"

"जुन्या गाड्या धक्क्यावर निघतात, बाय."

मुंग्यांची रांग लागली होती आत. मी कॅबिनेट उचलून आतल्या खोलीत टेबलावर ठेवला. घड्याळात पंधरा वीस, म्हणजे तीन वीस. मामा दर दोन मिनिटांनी मला वेळ सांगत होते. शेवटी मी वैतागले. "एक दिवस घोषणा नाही झाली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मामांनी पलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मामी निघंल."

मामींची आठवण दोन-तीन वर्षांपासून विरत चालली आहे, हे आळीला माहीत होतं. चार वाजताचं माहीत नव्हतं. चार वाजले की मामी पिशवी भरतात आणि माहेरी निघतात. माहेर माणगावच्या पलीकडे. तिथे आता नुसतं जोतं उरलंय. एकदा तशा निघाल्या आणि पार वळणापर्यंत गेल्या. समोरून टेम्पो.

"ब्रेक लागला म्हणून ऱ्हायली," मामा म्हणाले. "मी आडवा आलो तर सांगते, तुमी कोण अडवणारे? कंट्रोलरनी सांगू दे, मंग बसते. चाळीस वर्सं संसार केला, बाय. मला वळखत न्हाय. स्पीकरवरचा आवाज वळखते."

"मोबाइलवर लावून बघितलंत का?"

"बघितला ना. म्हणाली, मासळीवाल्याचा टेम्पो आलाय, बोंबील घ्या."

मी हसले. मग वही उघडली.

प्लगमध्ये टेस्टर लावला: वीज होती. वायर बदलली: काही नाही. मागचा छोटा स्विच चालूच होता. वायर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, पुन्हा जोडलं: काही नाही. रॅम काढून खोडरबरने पुसली. खाऱ्या हवेने तिचे दात हिरवट पडले होते. पुसून बसवली. मशीन ढिम्म. प्रत्येक वेळी मामा माझ्या बोटांकडे पाहत आणि विचारत, "सेल्फ मारला?" वहीतला शेवटचा उपाय उरला. पॉवर सप्लायचा डबा सुटा केला आणि हिरवी वायर काळीला पेपर क्लिपने जोडली. डबा शाबूत असेल तर त्याचा पंखा फिरतो.

नाही फिरला.

"मामा, हा डबा गेला."

"मार्गस्थ?"

"मार्गस्थ. नवीन माणगावला मिळेल. आज रविवार, दुकान बंद. उद्या पहिल्या गाडीने जाऊन मी आणते." मी वहीत लिहूनही ठेवलं.

"उद्याचा झाला," मामा म्हणाले. "आजचा काय?"

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. मामींनी चांगलं लुगडं नेसलं होतं, केस चापून बसवले होते. हातात पिशवी. आमच्याकडे न बघता त्या ओटीवर गेल्या आणि पायात चपला घालू लागल्या.

मी मागोमाग धावले. "मामी, थांबा ना जरा."

"तू कोण गो? माजी गाडी जाईल."

एक चप्पल घालून झाली. दुसरी सापडेना, म्हणून त्या वाकल्या. मी वळून पाहिलं. दाराच्या पडद्याच्या फटीतून मामा दिसत होते. गुडघ्यांवर बसले होते. झाकण काढलेला, डब्याची जागा रिकामी झालेला कॅबिनेट त्यांनी टेबलावरून खाली ओढला होता आणि हनुवटीपर्यंत तोंड त्यात घातलं होतं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे..."

पत्र्याच्या डब्यातून आवाज आला. घुमणारा, किरटा, अगदी स्टँडवरचा. मामी तशाच वाकलेल्या थांबल्या. माणगावकडे जाणारी गाडी आज उशिराने येत होती. प्रवाशांनी कृपया बसून घ्यायचं होतं.

मामी ओटीवरच्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून मला जागा केली.

"बस गो. उभ्याने पाय मोडतील. कंट्रोलर सांगतोय म्हंजे खरा असंल. तो खोटा न्हाय बोलायचा."

मी बसले. आत मामांनी घोषणा दुसऱ्यांदा केली. शेवटी शेवटी आवाज जरा फाटला.

मामी कान देऊन ऐकत होत्या. "दमला बिचारा," त्या म्हणाल्या. "त्याला घरी कोण हाय का न्हाय?"

"आहे ना, मामी. बायको आहे."

"मंग बरा," मामी म्हणाल्या. "वाट बघत असंल ती."