चौकोनातला चढ

डिगरसे मास्तर रोज सकाळी शाळेच्या अंगणात चुन्यानं एक मोठा चौकोन आखत आणि त्यात कुणालाही पाय ठेवू देत नसत. हेडमास्तरांनाही नाही.

त्या चौकोनात ते विहिरीचा दोर नागमोडी मांडत. शाळा तहानली तरी बेहत्तर. ते गणिताचे, मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवणारा. त्या दोराला ते बहुपदीचा आलेख म्हणत; मला मात्र ‘बहुपदी’ म्हटलं की गोम आठवे.

“चौकोनाच्या बाहीर न जाता हा दोर किती उभा चढू शकते, सांगा गुरुजी?” असं मास्तर मला विचारत आणि लगेच स्वतःच उत्तर देत, “दुसऱ्या घाताचा असंन तं एका पावलामागं चार, तिसऱ्याचा नऊ, चौथ्याचा सोळा. घाताचा वर्ग! त्याच्या वर जाऊच शकत नाही. अन् सगळ्यात उभा चढ काठावर.”

राज्यांची नवी आखणी झाली, नागपूर सीमेपलीकडच्या राज्यात गेलं आणि आमचं सौंसर-पांढुर्णा अलीकडे, हिंदी मुलखाच्या काठावर राहिलं. चौकात माणसं हमरीतुमरीवर आली. मास्तर शांतपणे म्हणाले, “काहून भांडून राहिले? चढ काठावरच जास्त राह्यते.”

हा नियम त्यांना स्वतःलाच सुचला होता. फक्त तो प्रत्येक घातासाठी सिद्ध होईना. सात वर्षं झटले. शेवटी हेडमास्तर वैतागले, “सिद्ध करा, नाहीतर दोर परत द्या.” मास्तरांनी त्या उन्हाळ्यात सिद्धता पुरी केली आणि नागपूरच्या एका प्राध्यापकांना धाडली.

दिवाळीनंतर उत्तर आलं. मास्तरांनी ते न फोडताच माझ्याकडे दिलं, म्हणून शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मीच वाचलं. ‘सिद्धता निर्दोष आहे. मात्र हा नियम रशियातल्या एका गणितज्ञानं गेल्या शतकातच सिद्ध केला आहे.’

हेडमास्तरांनी मान खाली घातली. मला तर पुढचं वाचवेना.

“पुन्हा वाचा,” मास्तर म्हणाले. मी वाचलं. तसे ते उठले, बाहेर जाऊन स्वतःच्या हातानं शाळेची घंटा बडवू लागले. पोरं धावली. बाजारातून संत्र्यांची टोपली आली. काही न कळताही सगळी शाळा टाळ्या पिटत होती आणि हेडमास्तरांनी मास्तरांना चक्क मिठी मारली.

गर्दी पांगल्यावर मी भीतभीत विचारलं, “पण मास्तर, शोध तर आधीच लागलेला होता ना?”

“तेच तं,” ते ओल्या डोळ्यांनी हसले. “म्हणजे याचा विचार करणारा आणखी कोणी होता. मले वाटे, मी एकटाच हावो.”

मला फार लाज वाटली. सात वर्षं मी त्यांच्याच शेजारी बसून डबा खात होतो.