नॉर्बर्ट क्लेमेटने जिंकून दिलेला सामना

सामने खेळाडू जिंकतात, असा एक गैरसमज खेळाडूंमध्ये सर्वत्र आढळतो. प्रेक्षक मोठ्या मनाचे असल्यामुळे तो सहसा दूर करत नाहीत.

अमेरिकेतल्या शिबॉयगनच्या स्टर्जन्स या बेसबॉल संघाचा तो मोसमातला निर्णायक सामना होता. जिंकले तर अंतिम फेरी, हरले तर घर. चेंडू टाकायला एझेक्विएल ताव्हारेस उभा होता, आणि सामना जिंकून द्यायला निवृत्त प्लंबर नॉर्बर्ट क्लेमेट बायकोसह वरच्या रांगेत बसला होता.

सुरुवातीला ताव्हारेसचे चेंडू भरकटत होते. प्रतिस्पर्धी ड्युब्यूकचे दोन फलंदाज बॅटही न हलवता आयतेच तळांवर जाऊन उभे राहिले. इतक्यात नॉर्बर्टची बायको व्हर्ना ब्रॅट, म्हणजे पावातले सॉसेज, आणायला उठली आणि पुढचा फलंदाज तीन चेंडूंत बाद झाला. त्याच्या मागचाही. शास्त्राला याहून अधिक पुरावा लागत नाही. (लागतो म्हणणारे लोक सामने बघत नाहीत.) नॉर्बर्टने तातडीने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"स्टॉलवर, मस्टर्ड सॉसपाशी. तुझ्या ब्रॅटवर कांदा घालू ना?"

"कांदा मरू दे. तू तिथेच थांब. परत येऊ नकोस."

"किती वेळ?"

"सामना संपेपर्यंत."

"नॉर्ब, अरे नऊ डावांतला पहिलाच चाललाय!"

"म्हणूनच. अंतिम फेरी हवीय ना?"

"बरं," व्हर्ना म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती लग्नानंतर प्रथमच 'बरं' म्हणत होती. पण नॉर्बर्टचे लक्ष मैदानावर होते.

जबाबदारी बायकोवर ढकलून मोकळे होणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्या घटकेला त्याचा उजवा पाय डाव्यावर होता. तो तिथेच राहिला. पोटातल्या बिअरने आपली मागणी प्रथम नम्रपणे, पुढे निकराने मांडली. ती फेटाळण्यात आली. ताव्हारेस मात्र पेटला होता. वेगवान चेंडू बॅटीला सापडेना, संथ चेंडू ऐन वेळी खाली बसे. सातव्या डावापर्यंत ड्युब्यूकला एकही फटका साधला नव्हता. शेजारचा गृहस्थ तसे बोलून दाखवणार, तोच नॉर्बर्टने त्याच्या तोंडावर हात ठेवला. असले बोलायचे नसते; बोलले की बिनसते. खुद्द संघातले सोबती ताव्हारेसला देवीची लागण झाल्यासारखे त्याला टाळून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

आठव्या डावात ड्युब्यूकच्या एका गचाळ फेकीवर स्टर्जन्सला एक धाव मिळाली. तेवढीच पुरली. नवव्यात ताव्हारेसने तिघांनाही बॅट हवेत फिरवायला लावून घरी पाठवले. नॉर्बर्ट जल्लोषाला उठला आणि मुंग्या आलेल्या पायामुळे पुढच्या रांगेत कोसळला.

ध्वनिक्षेपकावर ताव्हारेसने देवाचे, कॅचरचे आणि आईचे आभार मानले. नॉर्बर्टने थोडी वाट पाहिली. 'तरुण आहे, शिकेल,' असे म्हणून त्याने मनाची समजूत घातली, आणि स्वच्छतागृहातून मस्टर्डपाशी गेला. तिथे व्हर्ना नव्हती. ती आली थेट फलंदाजाच्या अगदी पाठीमागच्या महागड्या खुर्च्यांकडून, गालाला मस्टर्ड लागलेली.

"आपली शेजारीण हेझेल तिथे बसली होती; तिच्याजवळची जागा रिकामी होती," ती म्हणाली. "दोन ब्रॅट खाल्ले, तुझाही खाल्ला. काय टाकत होता रे पोरगा! शेवटचा चेंडू तर टेबलावरून घसरल्यासारखा पडला. पाहिलास ना?"

नॉर्बर्टने पाहिला नव्हता. आठव्या डावापासून त्याने खबरदारी म्हणून डोळे मिटले होते.

"म्हणजे तू इथे नव्हतीसच?" त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू उजळला. "खुर्ची कितवी होती?"

"का रे?"

"अगं, अंतिम फेरीला तीच लागणार!"

तुम्हाला हसू येते आहे, येणारच. फक्त मागच्या वर्ल्ड कपला शेवटची ओव्हर संपेपर्यंत ज्या मेव्हण्याला तुम्ही बाथरूममधून बाहेर येऊ दिले नव्हते, त्याचे आभार मानायचे राहिलेत का, तेवढे बघा.